हातमाग, हातसडी, हातभट्टी

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून गेली काही वर्षे एक नवा लेखप्रकार स्थिरावला आहे. मुंबईचे एक जोडपे द्रुतगती महामार्गाने पुण्यास येते, कोरेगाव पार्क वा कल्याणीनगर येथे उतरते, दोन दिवसांत तीन-चार मायक्रोब्रुअऱ्या पालथ्या घालते, प्रत्येक ठिकाणी लाकडी फळीवर मांडलेल्या लहान लहान पेल्यांतून चवी घेते आणि रविवारी संध्याकाळी ताजेतवाने होऊन परतते. परतल्यावर त्या दोघांपैकी एक जण (बहुधा तो) लेख लिहितो. विद्यार्थी आता हे लेख 'आधुनिक प्रवासवर्णनाचा नमुना' म्हणून वर्गात आणू लागले आहेत. म्हणून त्यांची दखल घेणे आम्हांस भाग आहे.

आमचा आक्षेप बिअरला नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. मराठी शिकवणाऱ्यांनी मद्याविषयी लेखणी उचलली की आता व्यसनमुक्तीचे कीर्तन ऐकावे लागणार, अशी धास्ती वाचकांना वाटते. ती सोडावी. ज्याला प्यावयाचे त्याने प्यावे, आणि सोबतीला आपले माणूस असेल तर अधिकच चांगले. आमचा आक्षेप ह्या लेखांच्या भाषेला आहे, आणि ती भाषा जे झाकते त्याला आहे.

ह्या लेखांत 'क्राफ्ट' हा शब्द देवाच्या नावासारखा येतो. क्राफ्ट बिअर, क्राफ्ट संस्कृती, क्राफ्टचा अनुभव. क्राफ्ट म्हणजे काय? हातचे काम, कसब, कारागिरी. मराठीला हा अर्थ व्यक्त करण्याची एक जुनी, सोपी रीत आहे: शब्दाआधी 'हात' लावायचा. हातमाग, हातसडीचा तांदूळ, हातकागद. यंत्राचा माल स्वस्त झाला तसा ह्या 'हात'चा भाव वाढला. हातसडीचा तांदूळ शहरातल्या दुकानांतून साध्या तांदळाहून महाग विकला जातो, आणि हातमागाची साडी नेसणे हे सुसंस्कृततेचे लक्षण मानले जाते. ह्याच रीतीने घडलेला आणखी एक शब्द मराठीत आहे. तो म्हणजे हातभट्टी.

हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे काय येते? नाला, पत्र्याचे पिंप, पोलिसांचा छापा, 'इतके लिटर रसायन नष्ट' अशी आतल्या पानावरची चौकट. दलित आत्मकथनांतून आलेली वस्ती येते, 'गोलपिठा'तले (१९७२) जग येते. कारागिरी मात्र येत नाही. हातमागातला हात कलावंताचा आणि हातभट्टीतला हात गुन्हेगाराचा, हा भेद भाषेने केला, की भाषा वापरणाऱ्यांनी?

येथे कोणी लगेच म्हणेल की तुलना चुकीची आहे. काही अंशी ती चुकीची आहेच. बिअर आंबवतात, गाळत नाहीत. हातभट्टीची दारू आंबवून मग उष्णतेने गाळतात. दोहोंच्या मद्यांशात मोठे अंतर आहे. शिवाय हातभट्टीच्या नावावर मृत्यू आहेत. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. पण ती माणसे कोणाच्या हाताच्या कसबाने मेली नाहीत. कारखान्यांत वापरले जाणारे मिथेनॉल दारूच्या नावाने विकले गेले, म्हणून मेली. कसबाची जागा रसायनाने घेतली की काय होते, ह्याचे ते उदाहरण आहे. आणि कायद्याचे म्हणाल, तर पुण्यातल्या ब्रुअऱ्यांना परवाने देणारा कायदाही १९४९चा दारूबंदी अधिनियमच आहे. ज्या राज्यात बंदीच्या कायद्याखाली परवाने मिळतात आणि 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' असा शब्दप्रयोग सरकारी कागदावर निर्विकारपणे छापला जातो, तेथे भाषेकडे जरा संशयाने पाहण्याची सवय लेखकाला असावयास हवी. (आमचे काही मित्र ह्या शब्दप्रयोगाला विरोधाभास अलंकाराचे उत्तम उदाहरण मानतात.)

आता नावांकडे वळू. पुण्यात २००९ साली 'डूलाली' ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. राज्यातल्या ह्या व्यवसायाचा आरंभ सामान्यतः तेथून धरतात. हे नाव आले कोठून? नाशिकजवळच्या देवळालीहून. देवळालीला ब्रिटिश सैन्याची छावणी होती. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे महिनोन्महिने पडून राहत. उकाडा, हिवताप आणि रिकामपण ह्यांनी काहींची डोकी फिरत. त्यांच्या तोंडी देवळालीचे 'डूलाली' झाले, त्याला आपल्याकडचा ताप 'टॅप' होऊन चिकटला, आणि 'डूलाली टॅप' म्हणजे वेड लागणे असा अर्थ रूढ झाला. पुढे ताप गळाला, वेड उरले. आता ते वेड पेल्यावर छापून परत आले आहे, आणि जेथे ती बिअर मिळते त्या जागेला 'टॅपरूम' म्हणतात. तो टॅप अर्थातच नळाचा; पण शब्दांच्या ह्या गमतीपुढे कोणत्याही भाषाप्रेमी माणसाने दोन मिनिटे तरी थांबावे की नाही? एक मराठी गाव साहेबाच्या बोलीत वेडाचे नाव होते आणि तेथून बिअरचे नाव होऊन पुण्यात उतरते. आम्ही वाचलेल्या लेखांपैकी एकालाही देवळाली ऐकू आलेली नाही. त्यांना ते नाव नुसतेच 'कूल' वाटले.

चवींच्या बाबतीत तर दैन्यच आहे. 'हॉपी', 'माल्टी', 'क्रिस्प', 'स्मूद', 'फिनिश मस्त'. मराठीत चवींना शब्द नाहीत काय? कडू आहे, कडवट आहे, कडसर आहे, आणि तिन्हींत फरक आहे. तुरट, आंबूस, मातकट, खमंग आहे. भाजलेल्या जवापासून केलेल्या काळ्या स्टाउट बिअरची जी चव असते, तिच्यासाठी 'करपूस' ह्याहून नेमका शब्द कोणत्या भाषेत सापडेल? जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. तीत ना केळे असते ना लवंग. ते वास यीस्ट घडवते, साखरेचे मद्य करता करता. ही किती सुंदर गोष्ट आहे! पण आमचा प्रवासी 'केळ्याची हिंट' एवढे लिहून पुढल्या पेल्याकडे वळतो.

आणि ही पेये घडतात कशी, हे सांगण्यास तर आपल्या स्वयंपाकघराबाहेर जाण्याचीही गरज नाही. जव (सातू म्हणा हवे तर) भिजवतात, त्यांना मोड आणतात, मग उष्णतेने वाळवून मोडांची वाढ थांबवतात. ह्याला इंग्रजीत माल्ट म्हणतात. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून तान्ह्या बाळासाठी जे केले जाते त्याला मराठी आई नाचणीचे सत्त्व म्हणते. कृती तीच, तत्त्व तेच. हे मोडाचे जव भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले की पिष्टाची साखर होते. ते गोड पाणी गाळून हॉप्सच्या फुलांबरोबर उकळतात, निववतात आणि त्याला यीस्टचे विरजण लावतात. मग ते फसफसते. विरजण, आंबवण, फसफस, मुरणे: एकही शब्द उसना घ्यावा लागत नाही. ज्यांना संस्कृताची हौस त्यांच्यासाठी 'किण्व' आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात तो भेटतो. परंतु आंबवणे म्हटले की घर आठवते, आणि 'फर्मेंटेशन' म्हटले की बिअर महाग वाटते. दुसरा शब्द निवडण्याचे खरे कारण हेच असावे असा आमचा तर्क आहे.

आता त्या जोडप्यातल्या तिच्याविषयी. लेखभर ती असते, पण असते कशी? छायाचित्रात हसताना. 'हिला कडू झेपेना, म्हणून हिने सायडर मागवले' एवढे एक वाक्य तिच्या वाट्याला येते. आम्ही 'एकच प्याला' शिकवत आलो आहोत. गडकऱ्यांचे हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले, बालगंधर्वांनी सिंधूची भूमिका केली, आणि मराठी मनात दारू म्हटले की बाई कोठे असते ते पुढच्या शंभर वर्षांसाठी ठरून गेले. ती जात्याशी असते. तळीराम जे आर्यमदिरामंडळ काढतो, त्यात मद्यपानाच्या समर्थनार्थ वाटेल तेवढे युक्तिवाद होतात; त्या मंडळात बाईला मात्र जागा नाही. ह्या पार्श्वभूमीवर पुण्यातल्या एका टेबलावर नवरा-बायको समोरासमोर बसून एकाच फळीवरचे पेले चाखत आहेत, ही केवढी घटना आहे! सिंधू आणि सुधाकर एकाच टेबलावर. तिला ते चाखताना काय वाटले? घरी सासूबाईंना काय सांगून आली? गाडी परत कोण चालवणार होते? पण लेखकाला टेबलावरचा पेला दिसतो आणि तिचा हिरवा ड्रेस दिसतो.

आणि दुसरीही एक बाई आहे, जी ह्या लेखांच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. ह्याच राज्यात गावोगावच्या बायकांनी दारूच्या दुकानांविरुद्ध मतदान घडवून आणले आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रे: उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला कौल दिला की दुकान बंद. चित्रलिपीत इतके थोडके आणि इतके भेदक विधान मराठी लोकजीवनाने फार वेळा केलेले नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. त्या बंदीचे फायदेतोटे हा वेगळा विषय आहे आणि त्यावर आमच्यातच एकमत नाही. पण फळीवर ओळीने मांडलेल्या उभ्या पेल्यांचे छायाचित्र मराठीत छापले जाते, तेव्हा आडवी बाटली त्या भाषेत आधीच येऊन बसलेली असते. ती दिसत नाही असे लेखकाने करणे म्हणजे आपल्याच भाषेशी अनोळखी असणे होय. लेख इंग्रजीत असता तर आम्ही एवढे खोलात शिरलो नसतो.

'अहो, हे हलकेफुलके ललित लेखन आहे, त्यावर एवढे ओझे कशाला?' असा प्रश्न आम्हांस विचारला गेला आहे. ललित लेखनाला ओझे पेलत नाही, ही समजूत कोणी पसरवली कोण जाणे. पु. लं.नी 'अपूर्वाई' (१९६०) लिहिली तीही सपत्नीक प्रवासाची कथा, तीही हलकीफुलकी. तिच्यात माणसे आहेत, त्यांच्या बोलण्याच्या लकबी आहेत, परकेपणाची आणि ओळखीची सरमिसळ आहे. वीकेंडच्या लेखात माणूसच नसतो. पेय 'येते', पदार्थ 'सर्व्ह होतो'. बिअर घडवणारा, पिंप धुणारा, यीस्टचे तापमान रात्री दोनदा उठून पाहणारा कोणी तेथे असेलच. ज्या लेखाच्या मथळ्यात 'क्राफ्ट' आहे त्यात कारागीर नाही. असो.

मुंढव्याला लागूनच केशवनगर आहे. तेथे कुंभारांची वस्ती आहे. पुण्यातल्या दिवाळीच्या पणत्यांचा मोठा भाग तेथून येतो. मातीच्या हातकामाची ती जागा ह्या 'क्राफ्ट ट्रेल'च्या वाटेवर असून ट्रेलवर नाही. निदान ब्रुअरीच्या मागच्या दाराशी तरी जावे. गोड पाणी काढून घेतल्यावर जवाचा ओला चोथा उरतो, ढिगाने उरतो, आणि उन्हाळ्यात तो एका दिवसात आंबून वास मारू लागतो. जगभर तो गुरांना घालतात. पुण्यातला चोथा कोणाच्या गोठ्यात जातो, तो न्यायला कोण येते, किती वाजता, आणि त्याला त्याचे पैसे द्यावे लागतात की मिळतात, हे एकाही लेखकाने विचारल्याचे अद्याप आमच्या वाचनात नाही.