कागदाची निर्यात: इंडोनेशिया टिकला, आपण का घसरलो?

जून महिना आला की बुलडाणा, मलकापूर, खामगावात वह्यांच्या दुकानांसमोर पालकांची गर्दी होते. "सर, वह्या परत महाग झाल्या," हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. त्याचं उत्तर दुकानदाराकडे नाही. ते शोधायचं तर भारत आणि इंडोनेशिया या दोन देशांचा कागदाचा व्यापार पाहावा लागेल.

२०१६-१७ मध्ये भारताने सुमारे ६.६ लाख टन कागद आणि पुठ्ठा निर्यात केला होता. २०२१-२२ मध्ये हा आकडा २८.५ लाख टनांवर गेला. किंमत जवळपास १४ हजार कोटी रुपये. पाच वर्षांत चौपट! ऐकायला छान वाटतं. पण झालं काय होतं? चीनने २०१८ पासून बाहेरची मिश्र रद्दी घेणं बंद केलं आणि २०२१ पासून घनकचऱ्याची आयातच थांबवली. मग तिथले कारखाने आपल्याकडचा तयार क्राफ्ट कागद उचलू लागले. इकडे खोकी बनवणारे छोटे कारखानदार कागदासाठी हैराण झाले, निर्यातीवर बंधनं घाला म्हणू लागले. मागणी दुसऱ्याची होती, म्हणून ती भरभराट टिकली नाही. उलट २०२३-२४ मध्ये आपली आयात ३४ टक्क्यांनी वाढून १९.३ लाख टन झाली.

आता इंडोनेशिया. तिथल्या सरकारने सुमात्रा बेटावर कंपन्यांना लाखो हेक्टर जमीन दिली. बाभळीच्या जातीची, पाच-सहा वर्षांत तोडणीला येणारी झाडं लावली गेली. लगदा घरचा, म्हणून निर्यात टिकाऊ. २०१० च्या आसियान करारामुळे त्यांचा बराच माल आपल्याकडे शुल्काविना येतो. मात्र या प्रगतीची किंमतही मोठी आहे. जंगलं गेली, दलदलीची जमीन कोरडी पडली. २०१५ च्या आगीत इतका धूर झाला की तिथल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

आपल्याकडे १९८८ च्या वनधोरणाने कारखान्यांना सांगितलं, लाकूड शेतकऱ्यांकडून घ्या. हे धोरण योग्यच आहे. पण लाकूड पुरत नाही, म्हणून आपला बहुतांश कागद रद्दीपासून बनतो आणि चांगली रद्दीही परदेशातून येते.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने औषधांच्या खोक्यांसारख्या कामाला लागणाऱ्या पुठ्ठ्यावर टनामागे ६७,२२० रुपये किमान आयात किंमत लावली. गिरण्यांना दिलासा मिळाला, पण खोकी बनवणाऱ्याचा खर्च वाढला. सप्टेंबरमध्ये वह्यांवरचा जीएसटी शून्य झाला, ही पालकांसाठी चांगली गोष्ट. तरी कच्च्या मालाचा प्रश्न जागच्या जागीच आहे.

तो आपल्या दारातून सुटू शकतो. गावोगावी हातगाडी फिरवून रद्दी गोळा करणारे आपले भाऊ या उद्योगाचा पाया आहेत, पण त्यांना ना ओळखपत्र, ना ठरलेला भाव. ओल्या कचऱ्यात गेलेला कागद कामाचा राहत नाही. कोरडा, वेगळा ठेवला तर त्याचीच वही होते. नगरपालिकांनी या लोकांना कामात सामावून घ्यावं. आणि सुरुवात शाळेतून व्हावी. यंदा परीक्षा संपल्यावर जुन्या वह्या कचराकुंडीत नको, रद्दीवाल्याच्या गाडीवर द्या.