दोन फायली, एक नाव

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत कॉम्प्रेसर बनतात आणि जवळच मगरपट्टा सायबरसिटीत यंत्रांत बसणारे सॉफ्टवेअर लिहिले जाते. या परिसरातल्या वाचकांकडून एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते: आपल्या लेयरची प्रायॉरिटी वाढवली, तरी बिल्ड व्हेंडरचीच फाइल उचलतो. तक्रार खरी आहे, पण उपाय चुकीच्या जागी शोधला जातो आहे.

एम्बेडेड लिनक्स बांधणाऱ्या योक्टोमध्ये बीबीफाइल_प्रायॉरिटी हा आकडा रेसिपी आणि बीबीअपेंड यांच्यापुरता चालतो. कॉन्फ आणि बीबीक्लास फायलींना तो लागू नाही. तिथे बीबीपाथमध्ये जी फाइल आधी सापडेल ती वाचली जाते. बहुतेक लेयर आपला मार्ग बीबीपाथच्या शेवटी जोडतात, म्हणून बीबीलेयर्सच्या यादीतला क्रम निर्णायक ठरतो. त्याहून महत्त्वाचे हे की, एकाच नावाच्या दोन मशीन फायली एकमेकींत मिसळत नाहीत. एक वाचली जाते, दुसरी उघडलीही जात नाही. जुळणारे सगळे बीबीअपेंड मात्र एकामागून एक लागू होतात, आणि त्या सवयीमुळेच इथे फसगत होते.

यादीतला क्रम बदलून काम भागते, पण आम्हाला तो मार्ग मान्य नाही. उद्या कोणी नवा लेयर वर जोडला की सगळे पुन्हा उलटेल आणि बिल्ड त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. बोर्ड तुमचा असेल तर मशीनलाही तुमचेच नाव द्या. नव्या फाइलमध्ये व्हेंडरची मूळ फाइल रिक्वायर करा आणि फरकाच्या तेवढ्याच ओळी तिच्याखाली लिहा. रिक्वायरच्या आधी मशीनओव्हरराइड्समध्ये जुने नाव =. ने जोडायला विसरू नका, म्हणजे व्हेंडरने त्या नावावर लिहिलेल्या खास नोंदी चालू राहतात. पुढच्या आवृत्तीत व्हेंडरने बूटलोडरची एखादी ओळ दुरुस्त केली तर ती तुम्हाला आपोआप मिळेल. कॉपी करून ठेवलेल्या फाइलला ती कधीच मिळत नाही.

दुसरा गुंता लोकल.कॉन्फचा. माझ्या संगणकावरची फाइल, म्हणजे तिचा शब्द शेवटचा, असे अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात योक्टोचा बिल्ड चालवणारा बिटबेक लोकल.कॉन्फ आधी वाचतो, मग मशीनची आणि त्यानंतर डिस्ट्रोची. डिस्ट्रोने ?= वापरले असेल तर तुमचे मूल्य टिकते; साधे = असेल तर पुसले जाते. मग इंजिनिअर अपेंड, रिमूव्ह, शेवटी फोर्सव्हेरिएबलपर्यंत जातो. रिमूव्ह तर सगळ्यात शेवटी लागू होतो, आणि त्याने काढलेली गोष्ट दुसऱ्या लेयरला अपेंड करून परत आणता येत नाही. सामायिक लेयरमध्ये रिमूव्ह लिहिणे हा शेजाऱ्यावर अन्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

2021 च्या 3.4 आवृत्तीत ओव्हरराइडची खूण अंडरस्कोअरवरून कोलनवर गेली, हेही लक्षात ठेवा. जुन्या पद्धतीचा अपेंड दिसला की नवा बिटबेक थांबून सांगतो. पण नावाला अंडरस्कोअरने मशीन जोडलेली जुनी ओळ त्याला ओळखता येत नाही. तो तिला वेगळेच व्हेरिएबल समजतो.

कर्नलच्या कॉन्फिग तुकड्यांत शेवटचा तुकडा जिंकतो आणि मर्ज_कॉन्फिग तसे कळवतोही. धोका वेगळा आहे: अवलंबित पर्याय चालू नसेल तर मागितलेला पर्याय अंतिम फाइलमधून गळतो आणि इशारा लॉगमध्ये बुडतो. झेफर ही छोट्या यंत्रांची ऑपरेटिंग सिस्टिम अशा वेळी बिल्डच थांबवते. ही शिस्त योक्टोच्या बिल्ड सर्व्हरवरही आणता येते. कर्नल_कॉन्फिगचेकचा इशारा आला की बिल्ड नापास करावा.

मूल्य कुठून आले हे शोधण्याची रीत या परिसराला नवी नाही. मगरपट्ट्याच्या शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी जमिनी एकत्र करून नगर वसवले. जमिनीच्या व्यवहारात सातबाऱ्यावर आजचे नाव असते, पण ते तिथे कसे आले हे फेरफारच सांगतो. बिटबेकचा फेरफार म्हणजे बिटबेक-गेटव्हार: कोणत्या फाइलने, कितव्या ओळीत, कोणत्या क्रियेने मूल्य बदलले, सगळे ओळीने दिसते. तरीही आपल्याकडे अंतिम मूल्य पाहून वाद घातले जातात, इतिहास कोणी उघडत नाही. झाकल्या गेलेल्या रेसिपींसाठी बिटबेक-लेयर्सचा शो-ओव्हरलेड आहे. मात्र तो कॉन्फ फायली दाखवत नाही, त्या हातानेच शोधाव्या लागतात.

युरोपला माल पाठवणाऱ्यांसाठी ही शिस्त लावायला आता मुदतही आहे. तिथल्या सायबर रेझिलियन्स कायद्याची मुख्य बंधने 11 डिसेंबर 2027 पासून लागू होतील, आणि उत्पादनाला साधारणपणे किमान 5 वर्षे सुरक्षा दुरुस्त्या द्याव्या लागतील. तोवर आजची टीम बदललेली असेल. म्हणून प्रत्येक रिलीजसोबत सर्व लेयरचे नेमके कमिट, बीबीलेयर्सची यादी आणि महत्त्वाच्या व्हेरिएबलचा गेटव्हार इतिहास साठवा. आणि त्या रिलीजच्या लोकल.कॉन्फमध्ये उत्पादनाची एकही ओळ नको. ती डिस्ट्रो किंवा मशीनच्या फाइलमध्ये, रिव्ह्यू होऊनच जावी.