माशाला गुळवेल द्यावी, पण मापात

तळ्यात माशांची गर्दी झाली, पाणी बिघडले की एरोमोनास नावाचा जिवाणू उचल खातो. रोहूच्या अंगावर लाल चट्टे उठतात, पोट फुगते, खवले उभे राहतात. मग पेंड-कोंड्यात प्रतिजैविक कालवून टाकले जाते. पण आजारी मासा खातच नाही. औषध जाते धडधाकट माशाच्या पोटात आणि उरलेले पाण्यात. तिथे औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात. याच धास्तीने केंद्र सरकारने 2019 मध्ये पशुपालन आणि मत्स्यशेतीतील कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी घातली. शहापूर तालुक्यातल्या भातसा-तानसा धरणांचे पाणी मुंबई पिते. या परिसरात तरी औषधाआधी प्रतिबंधाचा विचार व्हायला हवा.

असा प्रतिबंध वनस्पतींतून मिळू शकतो. भारतीय संशोधकांनी रोहूला किलोभर खाद्यात 1, 5 आणि 10 ग्रॅम लसूण मिसळून 60 दिवस दिला आणि मग एरोमोनासची लागण केली. लसूण खाल्लेले मासे साध्या खाद्यावरच्या माशांपेक्षा जास्त वाचले. शहापूरच्या रानात लसणापेक्षा गुळवेल हाताशी आहे. इथल्या कातकरी तरुणांच्या वनधन गटाने तर ती मोठ्या औषध कंपन्यांना पुरवली. गुळवेलीच्या पानांच्या अर्कानेही चिलापी माशाची प्रतिकारशक्ती वाढल्याचे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मात्र तो अर्क सुईने पोटात टोचला होता. तळ्यात टाकलेल्या खाद्यातला अर्क मासा गिळण्याआधीच पाण्यात विरघळू शकतो. म्हणून प्रयोगशाळेच्या टाकीतला निष्कर्ष जसाच्या तसा तळ्याला लावता येत नाही.

'झाडपाल्याने काय बिघडणार?' हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. करोनाकाळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. वाद कुणीही जिंको, माप आणि वनस्पतीची अचूक ओळख यांना पर्याय नाही, हे त्यातून उरतेच. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: पाणी स्वच्छ ठेवा, बोटुकली बेताने सोडा, मग पाल्याची गरजच काय? ती काळजी पहिली, हे खरेच. गढूळ, कोंदट तळ्याला कुठलीही वेल तारणार नाही. पण उन्हाळ्यात पाणी आटले की दाटी आपोआप वाढते. अशा आठवड्यांपुरता हा आधार कामी येऊ शकतो.

म्हणून गुळवेलीच्या खाद्याला अनुदान देण्याआधी चाचणी हवी. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था इथून फार लांब नाही. तिने मुरबाड-शहापुरातल्या तळ्यांत शेजारी-शेजारी जाळी लावावी: एकीत साधे खाद्य, दुसरीत मोजून गुळवेल. किती मासे जगले, किलोमागे खर्च किती वाढला, हे शेतकऱ्यासमोरच मोजावे. आकडे जमले, तर वेल सुकवून दळण्याचे काम रानातून ती आणणाऱ्यांच्याच पाड्यावर राहावे. नाही जमले, तर 'हर्बल' लिहिलेल्या पुडीवर शेतकऱ्याचे पैसे जाण्याचे तरी वाचतील.