कॅथलिक कादंबरी वाचायची, पण कॅथलिकपणा नको?

आमच्या बुक क्लबमध्ये अकरा जण आहोत. सात आयटीतले, दोघी शिक्षिका, एक सीए आणि एक जण नेमकं काय करतो ते दोन वर्षांत कळलेलं नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुण्यात कोणाच्या तरी घरी जमतो. पुस्तक निम्म्यांनी पूर्ण वाचलेलं असतं, उरलेल्यांनी त्याचा सारांश. यंदा ठरलं की दर महिन्याला एकेका धर्मपरंपरेतून आलेली कादंबरी वाचायची. या महिन्यात पाळी कॅथलिक कादंबरीची. व्हॉट्सअ‍ॅपवर पोल टाकला, चोवीस तासांची मुदत दिली. बारा तासांनी सगळ्यात पुढे होती 'द दा विंची कोड'.

मी ग्रुपवर तावातावाने एक लांबलचक मेसेज लिहिला. त्याला दोन अंगठे आले आणि एक 'भावा, चिल'. हा लेख म्हणजे तोच मेसेज, जरा सविस्तर. चिल मी अजूनही झालेलो नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. कॅथलिक कादंबरी वाचायची ठरवलीच असेल, तर अशी निवडा की तिच्यातून कॅथलिक श्रद्धा काढून घेतली तर गोष्टच कोसळेल. बाकीच्या निवडी म्हणजे न वाचण्याच्या सभ्य पद्धती आहेत.

आमच्या धंद्यात एखादी लायब्ररी खरंच लागते का हे बघायचं असेल, तर ती काढून टाकतात आणि प्रोग्राम चालवून बघतात. चालला, तर ती लायब्ररी उगाच पडून होती. हीच चाचणी पोलमधल्या पुस्तकांना लावू.

डॅन ब्राऊनची 2003 सालची कादंबरी मी नववीत असताना एका रात्रीत संपवली होती, त्यामुळे तिला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण त्यातलं चर्च हे भुताच्या वाड्यासारखं आहे. अंधार, गुप्त दरवाजे, पांढराफटक खुनी. वाडा बदलून दुसरा आणला तरी रहस्य तसंच धावेल. शत्रू म्हणून एखादी संस्था वापरली म्हणजे तिच्या श्रद्धेबद्दल काही लिहिलं असं होत नाही.

मग एकाने हुशारी केली आणि टॉल्किनचं नाव टाकलं. टॉल्किन निष्ठावान कॅथलिक होता हे खरं. आपल्या पुस्तकात ती श्रद्धा मुरलेली आहे असं तो मानायचा हेही खरं. पण त्याने ती वर दिसू दिली नाही. आमच्यातल्या तिघांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चार-पाच वेळा वाचलंय आणि त्यांना ही गोष्ट परवा कळली. पुस्तक थोर आहे, पण लेखक कॅथलिक असणं वेगळं आणि कादंबरी कॅथलिक असणं वेगळं.

एव्हलिन वॉची 'ब्राइड्सहेड रीव्हिजिटेड' (1945) चाचणीत पास होते. दैवी कृपा माणसांना कशी ओढून नेते हाच आपला विषय आहे, असं वॉने स्वतः प्रस्तावनेत म्हटलंय. माझी तक्रार पुस्तकाबद्दल नाही, आमच्याबद्दल आहे. सुचवणारीने लिहिलं होतं: 'पहिला भाग भारी आहे. ऑक्सफर्ड, टेडी बेअर, सगळा व्हाइब. नंतर जरा धर्म येतो.' म्हणजे पुस्तक जिथे मुद्द्यावर येतं, तिथेच आपण उठायचं.

जपानी कॅथलिक लेखक शुसाकु एंडोच्या दोन कादंबऱ्या पोलमध्ये होत्या. 'डीप रिव्हर' (1993) ला भरपूर मतं पडली, कारण ती वाराणसीत घडते. जपानी पर्यटकांची एक टोळी 1984 साली गंगेवर येते. त्यांच्यातल्या एकीचा जुना मित्र, फादर व्हायला निघालेला आणि कोणत्याच चर्चमध्ये न मावलेला ओत्सु, तिथे मरणासन्न माणसांना आणि प्रेतांना पाठीवर घेऊन नदीकडे नेत असतो. सुंदर कादंबरी आहे. पण आम्हाला ती का हवी आहे? कारण त्यात आम्ही आहोत. दुसऱ्याच्या घरी जायचं ठरवून आपण पहिल्यांदा आरसा शोधतो. आणि 'शेवटी सगळ्या नद्या एकच' असं म्हणून पाचव्या मिनिटाला चर्चा मिसळीवर येईल. एंडोला त्या वाक्यापर्यंत यायला आयुष्य लागलं. आम्ही ते दारातच म्हणून टाकू.

त्याचीच 'सायलेन्स' (1966) ही माझी दुसऱ्या क्रमांकाची निवड. सतराव्या शतकातला जपान, ख्रिस्ती लोकांचा छळ, गोव्यावरून पुढे गेलेले तरुण जेझुइट, आणि येशूच्या प्रतिमेवर पाय देण्याची सक्ती. प्रतिमेवर पाय देणं म्हणजे काय, हे आत कुठेतरी लागलं नाही तर ती कादंबरी उभीच राहत नाही. मग ती पहिली का नाही? कारण आमचा ग्रुप मी ओळखतो. मिशनरी हा शब्द आला की अर्ध्या तासात धर्मांतरावर वाद सुरू होईल आणि पुस्तक बाजूला पडेल. हीसुद्धा पळवाटच आहे असं कोणी म्हटलं तर मी मान्य करतो. पुढच्या महिन्यात वाचू.

माझं मत ग्रॅहम ग्रीनच्या 'द पॉवर अँड द ग्लोरी'ला आहे. 1940 साली आलेली, सव्वादोनशेच्या आसपास पानं. ग्रीन 1938 मध्ये मेक्सिकोत हिंडला होता. तिथल्या टबास्को राज्यात त्याआधीच्या काही वर्षांत गव्हर्नर गारिदो कानाबालने चर्चं बंद पाडली होती, फादरांवर लग्नाची सक्ती केली होती आणि दारूबंदी आणली होती. कादंबरीत अशाच एका राज्यात एकच फादर लपतछपत फिरतोय. तो दारुडा आहे. त्याला एक मुलगी आहे. तो भित्रा आहे, आणि स्वतःबद्दल त्याचा काही गैरसमज नाही.

यातला एक प्रसंग सांगतो. मिस्सेसाठी द्राक्षाची वाइन लागते, तिच्याशिवाय मिस्सा होत नाही. दारूबंदीच्या राज्यात फादर जवळचे पैसे घालून चोरून एक बाटली मिळवतो. विकणारा गव्हर्नरचा भाऊबंद. सौदा झाल्यावर तो म्हणतो, चला, एकेक घोट घेऊ. मग पोलिसप्रमुखही येऊन बसतो. फादर नाही म्हणू शकत नाही, म्हटलं तर पकडला जाईल. त्याच्या डोळ्यांसमोर ते गप्पा मारत वाइन संपवतात. उरते नुसती ब्रँडी. तो रडायला लागतो आणि त्यांना वाटतं, याला चढली.

आता यातून श्रद्धा काढा. एका बेवड्याची बाटली दुसऱ्यांनी संपवली. विनोदी प्रसंग. श्रद्धा परत घाला. त्या वाइनचं ख्रिस्ताचं रक्त होणार होतं, आणि त्या राज्यात ते करू शकणारा एवढाच एक माणूस उरलाय. प्रसंगातलं एक अक्षर बदललेलं नाही, पण आता तो वाचवत नाही. मी म्हणतो ती चाचणी ही.

आणखी पुढे जाऊ. कॅथलिक मताप्रमाणे फादर कितीही पापी असला तरी त्याने दिलेला संस्कार खराच असतो. ऑगस्टिनच्या काळात उत्तर आफ्रिकेत यावर मोठा वाद झाला होता आणि त्याचा निकाल असा लागला. पण पापात असताना मिस्सा करणं हे त्या फादरच्या डोक्यावर आणखी एक पाप. त्याला कन्फेशन करायचं तर दुसरा फादर हवा, आणि दुसरा उरला आहे तो सरकारच्या हुकमाने लग्न करून घाबरून घरात बसलेला. म्हणजे गणित असं: तो ज्या गावात जातो तिथल्या लोकांना देव मिळतो, त्याचा स्वतःचा हिशेब वाढत जातो, आणि पोलीस ओलीस धरून गावकऱ्यांना गोळ्या घालतात ते वेगळंच. त्याने जावं की राहावं? हा प्रश्न 'रिलेटेबल' नाही. माझ्या आयुष्यात असा प्रश्न कधी येणार नाही. म्हणूनच मला तो वाचायचाय.

माझ्या घरात देवघर नाही. बाबा बुवाबाजीविरुद्ध गावोगाव कार्यक्रम करायचे, मी शाळेत असताना त्यांच्या पेट्या उचलल्या आहेत. त्यामुळे या कादंबरीत मी फादरचा माणूस नाही, मी त्याच्या मागावर असलेल्या लेफ्टनंटचा माणूस आहे. तो प्रामाणिक आहे, लाच खात नाही, साधा राहतो. गरिबांच्या पोरांना चर्चच्या लुटीतून सोडवायचं एवढंच त्याला हवंय. ग्रीनने त्याला खलनायक केलेलं नाही. एका ठिकाणी तो फादरला न ओळखता, हा कोणी म्हातारा भिकारी समजून, पाच पेसो देतो. एका मिस्सेला गावकरी तेवढेच देत असत. फादर थक्क होऊन त्याला चांगला माणूस म्हणतो, आणि ते खरंच आहे. हाच चांगला माणूस ओलिसांना गोळ्या घालतोय. बाबांच्या पेट्या उचललेल्या माणसाला हे वाचून झोप लागत नाही. मी आस्तिक झालो नाही. पण माझ्या बाजूचा माणूस इतका बरोबर असूनही कुठे चुकला, हे मला कोणत्याही विवेकवादी पुस्तकाने इतकं स्पष्ट दाखवलं नव्हतं.

यावर दोन आक्षेप आले. पहिला: हा धर्माचा प्रचार नाही का? प्रचार असता तर 1950च्या दशकात व्हॅटिकनच्याच कार्यालयाने या पुस्तकावर आक्षेप घेतला नसता. त्यांनी ग्रीनकडे दुरुस्त्या मागितल्या, त्याने हक्क प्रकाशकांकडे आहेत सांगून विषय टोलवला. कॅथलिक कादंबरीकार हे बिरूदही त्याला आवडायचं नाही. मी कादंबरीकार आहे आणि कॅथलिकही आहे, असं तो म्हणायचा. माणसावर शिक्का नको हे बरोबरच आहे. मी बोलतोय ते पुस्तकाबद्दल.

दुसरा: इतकं लांब मेक्सिकोला कशाला? आपल्या मातीतलं काही नाही का? आहे ना. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लिश जेझुइट 1579 साली गोव्यात आला. त्याचं 'क्रिस्तपुराण' 1616 साली छापलं गेलं, दहा हजारांवर ओव्या. कादंबरी नसली तरी वाचायला हरकत नाही. पण आपण त्याचं काय केलं? मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यातल्या काही ओव्या उचलल्या आणि दर मराठी भाषा दिनाला त्या फॉरवर्ड करतो. उरलेल्या हजारो ओव्या कोणासाठी आणि कशाबद्दल आहेत, हे विचारत नाही. तिथेही तेच: भाषा ठेवली, श्रद्धा गाळली. माती आपली असली तरी सवय बदलत नाही.

आता जे मेसेजमध्ये लिहिलं नव्हतं ते. आमच्या अकरांमध्ये एक जण वसईचा आहे, कॅथलिक. दोन वर्षांपूर्वी एका भेटीत मी म्हणालो होतो, 'कन्फेशन म्हणजे मस्त सोय, पाप करा, सांगा, फॅक्टरी रीसेट.' सगळे हसले. तोही हसला. पोलनंतर मी सहज त्याचं मत बघितलं. त्याने 'दा विंची कोड'ला दिलं होतं. मी फोन करून विचारलं, तू सुद्धा? तो म्हणाला, 'अरे, त्यात मला कोणी काही विचारणार नाही. तुम्ही सगळे गुप्त संघटनांवर बोलाल आणि मी शांतपणे मिसळ खाईन.'

मला माझा रीसेट आठवला. त्याला आठवत होता का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

ग्रीनचा फादर ज्या गोष्टीसाठी सगळं पुस्तकभर तडफडतो, ती हीच. कोणीतरी आपलं कन्फेशन ऐकावं. सुरक्षित राज्यात पोचल्यावर, समोर सापळा आहे हे कळत असून, एका मरणाऱ्या खुन्याचं कन्फेशन ऐकायला तो परत फिरतो. ज्याला मी बटण म्हणालो, त्यासाठी. माझ्या शेजारी बसलेला मित्र दर थोड्या दिवसांनी चर्चमध्ये गुडघे टेकून जे करतो, त्याबद्दल मला दोन वर्षांत विनोदापलीकडे काही सुचलं नव्हतं. आणि त्याने आमच्यात टिकायचा उपाय शोधला होता: ज्यात स्वतःबद्दल काही नाही असंच पुस्तक निवडायचं.

म्हणून ही कादंबरी. त्याला बरं वाटावं म्हणून नव्हे, आणि तो आम्हाला धडे देईल म्हणून तर मुळीच नव्हे. कादंबरी ही कोणाच्या धर्माची माहितीपुस्तिका नसते आणि मित्र म्हणजे शिकवणी नसते. पुस्तक समजण्यासाठी जे कळायला हवं ते आम्हीच शोधून यायचं. भेटीसाठी मी एकच नियम सुचवलाय: पहिला अर्धा तास त्याला कोणी काही विचारायचं नाही. त्याला वाटलं तर तो बोलेल, नाहीतर मिसळ आहेच.

तुमच्याही ग्रुपमध्ये असा पोल असेल. मत द्यायच्या आधी श्रद्धा काढून पुस्तक चालवून बघा. चालत असेल तर दुसरं शोधा. आमचा पोल मी परत उघडलाय, रात्री दहाला बंद होईल. हे लिहीपर्यंत ग्रीनला पाच मतं आहेत. वसईकराने त्याचं जुनं मत काढून घेतलंय, नवीन अजून दिलेलं नाही.