माणूस कुठे आहे?

दिवाळी अंक हाती आला, की आमचे कित्येक जाणते वाचक विज्ञानकथेची पाने उलटून पुढे जातात. "तिथे यंत्रे असतात, तारे असतात, माणूस तेवढा नसतो," असे त्यांचे म्हणणे. मी शिरूरकडचा एक मॅट्रिक झालेला मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. विद्वानांशी वाद घालण्याचा माझा वकूब नाही. परंतु हे म्हणणे साफ खोटे आहे, एवढे सांगायला पदवी कशाला हवी?

दाखला दूरचा आहे, पण चोख आहे. २ ऑक्टोबर १९५९ रोजी अमेरिकेत 'द ट्वायलाइट झोन' ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. दर खेपेस नवी गोष्ट, नवी पात्रे. रॉड सर्लिंग हा तिचा कर्ता. 'सगळे गेले कुठे?' अशा अर्थाचेच पहिल्या भागाचे नाव. वैमानिकाच्या वेषातला एक माणूस एका गावात येतो. आपण कोण हेही त्याला आठवत नाही. खाणावळीत कॉफी उकळते आहे, पोलीसचौकीत सिगार जळते आहे, चित्रपटगृहात पडद्यावर चित्रे हलू लागतात. माणूस मात्र औषधालाही नाही. हाका मारमारून तो अखेर कोसळतो. मग कळते, की गाव नव्हतेच! चंद्रप्रवासाच्या तयारीसाठी त्याला एका पेटीत ४८४ तास, म्हणजे वीस दिवसांहून अधिक, एकटे ठेवले होते. अन्न होते, हवा होती, सोबत नव्हती. ते गाव त्याच्या एकाकी मनाने उभे केले होते.

आता सांगा, ह्यात यंत्र किती आणि माणूस किती? गागारिन अवकाशात गेला तो १२ एप्रिल १९६१ रोजी. त्याच्या दीड वर्ष आधीच ह्या लेखकाने विचारून ठेवले होते : यान टिकेल हो, पण आतला एकटा जीव टिकेल काय?

ह्या मालिकेसाठी सर्लिंगने आधी लिहिलेली कथा निराळीच होती. साठी गाठलेल्या माणसांना ठार करणाऱ्या समाजाची ती कथा. फार उदासवाणी म्हणून सीबीएस कंपनीने ती नाकारली. आपण मात्र 'साठी बुद्धी नाठी' असे हसत हसत म्हणतो, आणि म्हाताऱ्याला ओसरीवर बसवून त्याला न विचारता घरचे सारे व्यवहार उरकतो. त्याच शिक्षेचा हा सौम्य प्रकार नव्हे काय?

कुणी म्हणेल, एकाकीपण हे परदेशचे दुखणे. आपल्याकडे माणसांची काय वाण? त्याने रांजणगावला यावे. तिथे महागणपतीच्या दर्शनाला रांग असते, कारखान्यांच्या दारांशी झुंबड असते. त्याच गर्दीतला रात्रपाळी करून आलेला परप्रांतीचा पोरगा खोलीचे दार लावून पडतो, तेव्हा शेजारच्याला त्याचे नाव ठाऊक नसते. दौंडच्या फलाटावर दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत बसून पाहावे. उजेड आहे, घड्याळ चालू आहे, ध्वनिक्षेपक बोलतो आहे, पण कुणाशी? सर्लिंगचे गाव ह्याहून फार वेगळे नव्हते. पेटीला भिंती असाव्याच लागतात, असे थोडेच आहे!

अशा कथा मराठीत रुजणार नाहीत, हेही खरे नव्हे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' ह्या टोपणनावाने पाठवली. तीच पहिली आली. शास्त्रज्ञाच्या कीर्तीचा आधार न घेता ती निव्वळ कथा म्हणून उभी राहिली.

तेव्हा वाचकहो, ह्या अंकातले विज्ञानकथेचे पान वगळू नका. आणि लेखकमित्रांनो, यान मंगळावर उतरवण्याआधी एकदा त्या ओसरीवर जाऊन बसा. आजोबांना विचारा, आज दिवसभरात आपल्याशी कोण कोण बोलले? त्यांना उत्तर द्यायला वेळ लागला, तर समजा की कथा सापडली.