रेशनकार्डापासून ग्रीनकार्डापर्यंत

‘ताई, पोरीला परत आणायचंय. तिकिटाचे पैसे मी उभे करते. कसं आणायचं तेवढं सांगा.’

आमच्या सल्ला केंद्राच्या बाकावर बसून एका आईनं मला हे विचारलं आणि मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, ‘आणू या, मावशी. तिचंच घर आहे हे.’

माझं हे उत्तर चुकीचं होतं. ते अमलात आलं असतं तर त्या मुलीचं आयुष्यभराचं नुकसान झालं असतं. दहा-बारा वर्षं हे काम करूनही मला ते कळलं नव्हतं. माझ्यासारख्या आणखी कितीतरी कार्यकर्त्या असतील, म्हणून ही हकिगत आणि त्यामागची भूमिका इथं मांडते आहे.

मावशींची धाकटी मुलगी तीन वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेली. पाहुणी म्हणून सहा महिने राहायची परवानगी होती. तिथंच ओळखीतलं एक स्थळ आलं. मुलगा मराठी, अमेरिकेचा नागरिक, चांगल्या पगाराचा. सगळ्यांना आनंद झाला. पाचव्या महिन्यात लग्न झालं. ‘आता कशाला परत जायचं? मी कागद करतो,’ असं नवरा म्हणाला. सहा महिन्यांची मुदत उलटली. कागद झाले नाहीत. पुढच्या महिन्यात करू, बोनस मिळाल्यावर करू, तू नीट वाग मग करू, अशी तीन वर्षं गेली. दरम्यान एक मुलगी झाली. पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात. हाती पैसा नाही, नोकरीचा परवाना नाही. मारहाण सुरू झाली तेव्हा त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं, ‘पोलिसांना बोलाव. ते मला नाही, तुला नेतील.’

आता कायदा काय म्हणतो ते बघू. व्हिसा घेऊन, विमानतळावर रीतसर नोंद होऊन अमेरिकेत आलेल्या माणसाची मुदत उलटली, तरी तो जर नागरिकाचा नवरा किंवा बायको असेल, तर देश न सोडता त्याला कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. मुदत उलटल्याचा दोष त्या अर्जाच्या आड येत नाही. नागरिक जोडीदारानं आय-१३० हा अर्ज भरायचा, सोबत दुसऱ्यानं आय-४८५ भरायचा, नागरिकानं पोसण्याची हमी लिहून द्यायची. म्हणजे मावशींच्या मुलीचे कागद पहिल्या महिन्यातही होऊ शकत होते आणि तिसऱ्या वर्षीही. अडलं होतं फक्त नवऱ्याच्या सहीवर. ती सही केली तरी अर्जाचा निकाल लागेपर्यंत ती मागे घ्यायची मुभा त्याला असते.

मैत्रिणींनो, यातली मेख लक्षात घ्या. ‘मुदत संपल्यावर ती राहिलीच कशाला? कायदा मोडला, आता भोगावं,’ असं म्हणणारे खूप भेटतात, आपल्यातही भेटतात. पण खुद्द कायदाच हा गुन्हा माफ करायला तयार आहे. तीच बाई, तेच लग्न, तेच उलटलेले दिवस. नवरा सही करतो तेव्हा ती कायदेशीर पत्नी, करत नाही तेव्हा ती बेकायदा परकी. मग शिक्षा तिच्या अपराधाची कुठं राहिली? ती नवऱ्याच्या मर्जीची झाली. बायको कायदेशीर की बेकायदेशीर, हे ठरवण्याचा अधिकार एका सरकारनं एका पुरुषाच्या खिशात ठेवला आहे. पुरुषसत्ता म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

आणि हे आजचं नाही. १९०७ च्या कायद्यानं अमेरिकन बाईनं परदेशी पुरुषाशी लग्न केलं की तिचं नागरिकत्वच जात असे. १९२२ च्या कायद्यानं त्यातला काही भाग सुधारला, तरी ज्याला नागरिक होता येत नाही अशा पुरुषाशी, म्हणजे आशियाई माणसाशी, लग्न करणाऱ्या बाईला त्यातून वगळलं. बाईचं नाव नवऱ्याच्या देशाच्या खात्यात लिहायचं, ही जुनी पद्धत आहे. आज कागद बदलले, खातं तेच आहे.

आता माझ्या उत्तराकडे येते. ‘परत ये’ हे आपल्या चळवळीचं सगळ्यात मायेचं वाक्य आहे. ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणणाऱ्या समाजाला आपण ते वाक्य दिलं, आणि त्यानं किती जीव वाचवले ते आपण जाणतो. पण १९९६ मध्ये अमेरिकेनं एक कायदा केला. १८० दिवसांपेक्षा जास्त काळ बेकायदा राहून जो देश सोडेल त्याला तीन वर्षं, आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त राहून सोडेल त्याला दहा वर्षं परत येता येत नाही. ही बंदी राहण्यानं लागत नाही, निघण्यानं लागते. विमानात पाऊल ठेवलं की दार बंद. मावशींच्या मुलीची तीन वर्षं भरली होती. ती निघाली असती तर दहा वर्षं मागं वळता आलं नसतं. तिची मुलगी जन्मानं अमेरिकन नागरिक. लेकराला घेऊन आली तर मूल पळवल्याचा दावा, ठेवून आली तर ताबा बापाकडे आणि भेटायलाही जाता येणार नाही.

या बंदीतून माफी मागता येते. पण सर्वसाधारण माफीसाठी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असलेल्या जोडीदाराचे किंवा आईवडिलांचे कमालीचे हाल होतील, हे सिद्ध करावं लागतं. पोटच्या लेकराचे हाल त्यात धरत नाहीत. म्हणजे मार खाणाऱ्या बाईनं दाखवायचं काय, तर माझ्यावाचून या मारणाऱ्याचे हाल होतील!

मग वाट नाहीच का? आहे, आणि ती तिथल्या बायकांच्या चळवळीनं लढून काढलेली आहे. १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्यानं नागरिकाच्या किंवा ग्रीनकार्डधारकाच्या छळ झालेल्या जोडीदाराला स्वतःचा अर्ज स्वतः करायची सोय दिली. अर्जाचं नाव आय-३६०. नवऱ्याची सही नको, त्याच्याकडून पोसण्याची हमी नको, त्याला कळवायचंही नाही. लग्न खरं होतं, एकत्र राहिलो होतो, छळ झाला आणि आपलं वर्तन चांगलं आहे, एवढं दाखवायचं. छळ म्हणजे फक्त हाडं मोडणं नव्हे, मानसिक क्रौर्यही धरतात. पोलिसांची नोंद नसेल तर शेजारणीचं, बहिणीचं प्रतिज्ञापत्र चालतं, डॉक्टरांचे कागद चालतात. अर्जाची माहिती नवऱ्याला देण्याची अधिकाऱ्यांना मनाई आहे, आणि केवळ त्याच्या चुगलीवरून तिच्याविरुद्ध पाऊल उचलायचीही मनाई आहे. घटस्फोट झाला असेल आणि त्याचा छळाशी संबंध असेल, तर त्यानंतर दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो.

ही माहिती मला कुठल्याही सरकारी कचेरीतून मिळाली नाही. ती तिथल्या दक्षिण आशियाई बायकांच्या एका संघटनेच्या कार्यकर्तीनं थोरल्या बहिणीला फोनवर सांगितली. न्यू जर्सीत ‘मानवी’ १९८५ पासून आणि न्यू यॉर्कमध्ये ‘सखी’ १९८९ पासून काम करते आहे. शिकागोत ‘अपना घर’ आहे, कॅलिफोर्नियात ‘मैत्री’ आणि ‘नारिका’ आहेत. आपल्या किती केंद्रांच्या वहीत हे पत्ते आहेत? माझ्या वहीत नव्हते.

पण या वाटेचंही फार कौतुक करायला नको. एक तर ती छळाच्या दारातून जाते. नवरा मारत नाही, फक्त कागद करत नाही, तर बाईनं काय करायचं? दुसरं, ही वाट नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांच्या जोडीदारांपुरती आहे. आपल्या महाराष्ट्रातून हजारो मुली एच-१बी व्हिसावरच्या इंजिनिअरांच्या मागे एच-४ वर जातात. त्यांचा नवरा स्वतःच तात्पुरता, म्हणून त्यांना स्वतःचा अर्ज नाही. घटस्फोट झाला की व्हिसाही संपला. त्यांच्यासाठी गुन्ह्याला बळी पडलेल्यांचा यू व्हिसा आहे, पण तो वर्षाला फक्त १०,००० जणांना मिळतो आणि रांग कित्येक वर्षांची आहे. तिसरं, २०२५ पासून वारं फिरलं आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत असं धोरण आलं, की अर्ज नामंजूर झाला आणि मुक्काम कायदेशीर नसला की हद्दपारीची नोटीस काढायची. नोव्हेंबरात तर नागरिकांच्या मुदत उलटलेल्या जोडीदारांना मुलाखतीच्या जागीच ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या. म्हणून वकिलाशिवाय एकही कागद दाखल करू नये.

‘बाईच्या हाती अर्ज दिला तर व्हिसासाठी खोटी लग्नं होतील,’ हा नेहमीचा आक्षेप. खोटी लग्नं होतात, हे मी नाकारत नाही. पण लग्न खरं की खोटं हे तपासायला नवऱ्याची सही कशाला लागते? एकत्र घर, भाडेपावत्या, लेकरू, शेजाऱ्यांची साक्ष, हे सगळं सरकार तसंही तपासतंच. तपासणी सरकारनं करावी. नवऱ्याला फौजदार करू नये.

हे सगळं वाचताना जुन्या कार्यकर्त्यांना काहीतरी ओळखीचं वाटलं असेल. परित्यक्ता बाई वेगळं रेशनकार्ड मागायला तहसील कचेरीत गेली की काय सांगत? ‘नवऱ्याच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणा.’ ज्यानं घरातून हाकललं त्याच्याकडूनच दाखला! त्याच्या कार्डावर तिच्या नावाची साखर उचलली जायची आणि ती माहेरी उपाशी. या अन्यायाविरुद्ध गावोगावच्या बायकांनी मोर्चे काढले, परिषदा घेतल्या. बाईचं रेशन नवऱ्याच्या मेहेरबानीवर नाही, ही मागणी तेव्हा लोकांना आगाऊपणाची वाटे. पुढं २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातली सगळ्यात मोठी बाईच कार्डावर कुटुंबप्रमुख ठरली. ग्रीनकार्ड हे दुसरं काय आहे? नवऱ्याच्या नावावरचं रेशनकार्डच ते. फक्त कचेरी सातासमुद्रापलीकडची.

आणि बोट फक्त अमेरिकेकडे दाखवून आपली सुटका नाही. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या व्यक्तीला सात वर्षं इथं राहिल्यावर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. पण २००३ च्या दुरुस्तीनं ‘बेकायदा स्थलांतरित’ व्यक्तीला ही नोंदणी बंद केली. आणि कायद्याच्या व्याख्येत, रीतसर व्हिसावर येऊन मुदत उलटल्यावर राहिलेली माणसंही बेकायदा स्थलांतरितच. मुंबईच्या वस्तीत सीमेपलीकडून आलेली एखादी बायको असते, तिचा व्हिसा नवऱ्यानं वेळेत वाढवून घेतला नाही, तर तिचं काय होतं? न्यू जर्सीतल्या मराठी मुलीसाठी आपला जीव तुटतो आणि या बाईला मात्र आपण ‘घुसखोर’ म्हणून ओळखतो. दोघींवरचा अन्याय एकाच जातीचा आहे. आपली भूमिका देश बघून बदलणार असेल, तर ती भूमिका नव्हेच.

म्हणून मागणी सरळ आहे. लग्नामुळे मिळणारा वास्तव्याचा हक्क लग्न केलेल्या दोघांचा असला पाहिजे. लग्न खरं असेल तर अर्ज करायचा अधिकार बाईला स्वतःच्या सहीनं मिळाला पाहिजे, अंगावर वळ दाखवल्याशिवाय मिळाला पाहिजे. हे तिथं आणि इथंही.

तोवर आपल्या केंद्रांनी निदान इतकं करावं. मुलगी परदेशी जाण्याआधी तिच्या पासपोर्टची, व्हिसाची, लग्नाच्या दाखल्याची प्रत माहेरी ठेवायला सांगावी. प्रवेशाची आय-९४ ही नोंदही जपायला सांगावी, कारण रीतसर आल्याचा तोच पुरावा. नवरा नागरिक आहे, ग्रीनकार्डधारक आहे की तात्पुरत्या व्हिसावर, हे लग्न ठरवतानाच विचारावं. हुंडा किती विचारणाऱ्यांना हा प्रश्न विचारायला लाज वाटायचं कारण नाही. आणि संकटात सापडलेल्या मुलीला ‘परत ये’ म्हणण्याआधी आधी विचारावं, ‘तुझी मुदत कधी संपली?’

मावशींना दुसऱ्यांदा बोलावून मी माझी चूक सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे तिनं तिथंच राहून भांडायचं?’ मी हो म्हटलं. मुलगी आता लेकराला घेऊन बहिणीकडे आहे. तिनं स्वतःच्या सहीनं अर्ज केला आहे. निकाल यायचा आहे. मावशी दर मंगळवारी केंद्रात येतात, कागद आला का विचारतात. जमवलेले तिकिटाचे पैसे त्यांनी वकिलासाठी पाठवले.