सशाला आंघोळ घालू नका!

मित्रांनो, आज राजकारण नाही, रस्त्यावरचे खड्डेही नाहीत. आज ससा. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

तीन वर्षांपूर्वी पोरीच्या हट्टापायी आठवडी बाजारातून पांढरा ससा आणला. विकणारा म्हणाला, "गाजर घाला, कोबी घाला, वास आला की आंघोळ घाला." संपलं ट्रेनिंग. एप्रिलात घरभर वास सुटला. रविवारी मी बादलीत कोमट पाणी घेतलं आणि पोरीच्या शॅम्पूने त्याला चोळून काढलं. तो पाय झाडत होता, मला वाटलं मस्ती करतोय. नंतर कोपऱ्यात थरथरत बसला, खाणं बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. पोर आजही विचारते, "पप्पा, पाणी गार होतं का?"

पाणी गार नव्हतं. आंघोळच चुकीची होती.

हे मला नंतर जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलं. ससा मांजरासारखा स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो. त्याची लव इतकी दाट, की भिजली तर लवकर वाळत नाही आणि अंग गार पडतं. त्यात हा जात्याच भित्रा जीव. पाण्यात धरला की घाबरून मागचे पाय इतक्या जोरात झाडतो, की पाठीचा कणाही मोडू शकतो. नुसत्या धसक्यानेही ससा मरतो.

मग वास येतो तो कशाचा? सशाचा नाही, त्याच्या मुताचा. म्हणजे धुवायचा पिंजरा, ससा नव्हे! ससा बहुतेक वेळा एकाच कोपऱ्यात घाण करतो. तिथे एक पसरट ट्रे ठेवा, खाली कागद, वर सुकं गवत. ओला भाग रोज काढा, आठवड्यातून एकदा पिंजरा धुऊन पूर्ण वाळवा. केस गळायला लागले की मऊ ब्रशने विंचरा. अंगाला काही लागलं तर ओल्या फडक्याने तेवढाच भाग पुसा आणि लगेच कोरडा करा.

मागची बाजू सारखी घाण होत असेल तर तो आजाराचा इशारा समजा. खाणं चुकत असेल, वजन वाढलं असेल, दात दुखत असतील. तिथे माश्या बसून अळ्या पडल्या तर एका दिवसात जीव जातो. सशाचं मुख्य खाणं सुकं गवत, गाजर हा खाऊ. आणि अर्धा दिवस त्याने तोंडाला काही लावलं नाही, तर उद्यावर ढकलू नका, दवाखाना गाठा.

उन्हाळ्यात उकडतं म्हणूनही आंघोळ नको. सावली, हवा, प्यायला पाणी आणि बाजूला कापडात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली, बास.

आता मूळ मुद्दा. २०१८ च्या केंद्राच्या पेट शॉप नियमांप्रमाणे पाळीव प्राणी विकायला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. त्यात आठवडी बाजारातली विक्रीही येते. आपल्या बाजारात भर उन्हात एका जाळीत दहा-दहा पिल्लं कोंबलेली असतात. जागेची पावती फाडायला माणूस येतो, पण नोंदणी आहे का हे विचारताना मी अजून कुणाला पाहिलं नाही.

काही जण म्हणतील, माणसांचे प्रश्न कमी आहेत का, सशाचं काय घेऊन बसलात? बरोबर आहे. पण घरात जीव आणायचा तर त्याची जबाबदारी आपली, हे लहान पोरं आपल्याकडूनच शिकतात. मी माझ्या पोरीला उलटंच शिकवून बसलो. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. आमच्या घरी तो चार महिने होता.

नगरपालिकेला माझं एवढंच सांगणं: पावतीसोबत नोंदणीचा कागदही बघा. आणि सुट्टीत पोरांसाठी ससा आणणाऱ्यांना विनंती, आधी माहिती घ्या, मग ससा.

पटलं तर पुढे पाठवा. कुणाच्या तरी घरची बादली आज रिकामी राहील.